लाइन दोन, चर एकच

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. किती मेगावॅट, किती कोटी, किती एकर, सगळे तपशीलवार असते. आणि आतल्या पानावर कुठेतरी ‘सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले’ अशी चार ओळींची बातमीही असते. हे पत्र त्या चार ओळींविषयी आहे.

सर्व्हर सहसा डाऊन नसतो. तो कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये दोन-दोन वीजपुरवठ्यांवर व्यवस्थित चाललेला असतो. बंद पडतो तो त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता, आणि तोही बहुतेक वेळा कचेरीच्या बाजूच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत किंवा इमारतीच्या आतल्या शेवटच्या नव्वद मीटरांत. नगरपालिका, पतसंस्था, महाविद्यालये, मध्यम आकाराची रुग्णालये यांच्या निविदांत मात्र या भागाविषयी एखादाच परिच्छेद असतो. उरलेली पाने सर्व्हरची मेमरी आणि स्विचचा (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचा) ब्रँड यांनी भरलेली असतात.

सुरुवात लीज लाइनपासून, म्हणजे कचेरीने भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र इंटरनेट जोडणीपासून करू. ‘दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन’ ही अट आता बहुतेक निविदांत असते, आणि ती कागदावर पूर्णही होते. पण शहरात शेवटच्या टप्प्याची फायबर प्रत्येक कंपनी स्वतः टाकतेच असे नाही. अनेकदा ती स्थानिक ठेकेदाराकडून किंवा एकमेकींकडूनच भाड्याने घेतलेली असते. दोन्ही तारा एकाच चरातून येतात, एकाच खांबावरून उतरतात आणि जिन्याखालच्या एकाच भोकातून इमारतीत शिरतात. पाणीपुरवठ्याच्या कामाला आलेल्या जेसीबीला बिल दोन कंपन्यांचे येते हे कळत नाही. म्हणून निविदेत कंपनी वेगळी मागण्यापेक्षा मार्ग वेगळा मागावा. जवळच्या एक्स्चेंजपासून रॅकपर्यंतचा (स्विच-सर्व्हरच्या कपाटापर्यंतचा) नकाशा, शेवटच्या टप्प्यातली तार कोणाच्या मालकीची याचे लेखी उत्तर आणि इमारतीत शिरण्याच्या दोन वेगळ्या जागा, एवढे मिळाले पाहिजे. वेगळा मार्ग मिळतच नसेल तर दुसरी लाइन तारेची घेऊच नये. गच्चीवरचा रेडिओ किंवा ४जी-५जी राउटर घ्यावा. वेग कमी मिळेल, पण त्या चरातल्या खोदकामाने ती जोडणी तुटणार नाही.

दुसरी लाइन असूनही नेट जाते, याचे आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणाला सांगितले जात नाही. फायबर आणि राउटर यांच्यामध्ये प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणारी मीडिया कन्व्हर्टरची छोटी डबी असते. रस्त्यात फायबर तुटली तरी डबीपासून राउटरपर्यंतची दोन फुटी पॅच कॉर्ड शाबूत असते. (पलीकडची लिंक गेली की अलीकडचीही पाडायची सोय काही डब्यांत असते, पण ती चालू करून दिलेली क्वचितच आढळते.) राउटरला त्याचा पोर्ट चालूच दिसतो, हिरवा दिवाही लागलेला असतो, आणि तो सगळा माल तुटलेल्या रस्त्यावर पाठवत राहतो. दुसरी लाइन बाजूला बसून असते. यावर उपाय म्हणजे पोर्टचा दिवा पाहून निर्णय घेऊ न देता राउटरला दर काही सेकंदांनी पलीकडच्या दोन-तीन पत्त्यांना पिंग करायला, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारायला लावणे आणि सलग तीन उत्तरे चुकली की मार्ग बदलायला लावणे. एकाच पत्त्यावर विसंबू नये, नाहीतर तो पत्ता बंद पडला की चांगली लाइनही सोडून दिली जाते. जवळपास प्रत्येक एंटरप्राइझ राउटरमध्ये ही सोय असते. ती चालू करायला अर्धा तासही लागत नाही, पण काम स्वीकारताना कोणी विचारत नाही म्हणून ती राहून जाते. विचारायची पद्धत सोपी आहे. कामाच्या वेळेत, दुपारी बारा वाजता, पहिल्या लाइनची फायबर डबीतून उपसायची आणि घड्याळ लावायचे. पॅच कॉर्ड उपसून केलेली चाचणी धरू नये. त्या चाचणीत सगळेच पास होतात.

करारातल्या टक्केवारीचा हिशोबही एकदा मांडून पाहावा. ‘९९.५ टक्के उपलब्धता’ ऐकायला भक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ ३ तास ३६ मिनिटे बंद राहण्याची मुभा असा होतो. वार्षिक सरासरी धरली तर जवळपास ४४ तास, म्हणजे कामाच्या तासांत मोजले तर पाच दिवस कचेरी बंद राहूनही कंपनी दंडाच्या बाहेर राहते. हिशोब महिन्याचा की वर्षाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

आता इमारतीच्या आत येऊ. संपूर्ण कचेरी एकदम ठप्प होते तेव्हा आम्हाला पहिला संशय लूपचा, म्हणजे तारांच्या बंद वर्तुळाचा येतो. टेबलाखाली कोणीतरी चारशे-पाचशे रुपयांचा आठ पोर्टांचा स्विच लावलेला असतो. साफसफाईत एक पॅच कॉर्ड सुटून पडलेली दिसते, आणि कोणीतरी भल्या मनाने ती जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचते. तिचे दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते. इंटरनेटच्या पॅकेटला (डेटाच्या पुडक्याला) आयुष्याची मर्यादा असते, प्रत्येक राउटरवर तिच्यातून एक वजा होतो आणि शून्य झाले की पॅकेट मरते. इमारतीतल्या तारांवरच्या इथरनेटच्या फ्रेमला (तिथल्या पुडक्याला) अशी मर्यादाच नाही. ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली, एक फ्रेम त्या वर्तुळात शिरली की ती फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती इतर सगळ्या पोर्टांवर जातात, आणि काही सेकंदांत सगळ्या मजल्यांवरचे स्विच दुसरे काही करू शकत नाहीत. रॅकसमोर उभे राहिले तर लूप डोळ्यांना दिसतो. एरवी पोर्टांचे दिवे आपापल्या तालात लुकलुकतात, लूपमध्ये सगळे एकाच तालात वेड्यासारखे फडफडतात.

हे टाळायला स्पॅनिंग ट्री आहे, म्हणजे स्विचनी आपसात एक मूळ स्विच निवडून वर्तुळ करणारे दुवे बंद ठेवण्याची पद्धत. तो जुना प्रोटोकॉल आहे, पण त्याची मांडणी डोके वापरून करावी लागते. सगळ्या स्विचना ३२७६८ हा मूळ अग्रक्रमच ठेवला तर ज्याचा मॅक पत्ता (कारखान्यात दिलेला क्रमांक) सर्वांत लहान तो झाडाचे मूळ बनतो. लहान पत्ता बहुधा जुन्या खरेदीच्या स्विचचा असतो. म्हणजे तळमजल्यावर चाळीस लाखांचा नवा कोअर (मुख्य) स्विच असूनही सगळी वाहतूक तिसऱ्या मजल्यावरच्या बारा वर्षांच्या डब्यातून वळते. कोअरला ४०९६ अग्रक्रम (आकडा लहान तितका मान वरचा) द्यायचा, एवढेच काम आहे. संगणकांच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडण्याची सोय) आणि त्यासोबत बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप, म्हणजे बीपीडीयू, आला की पोर्ट बंद करणारी सोय) लावावा. पोर्टफास्ट नसेल तर जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात आणि सकाळी संगणकाला पत्ता मिळत नाही. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, त्यामुळे लूप असूनही गार्ड जागा होत नाही. त्यासाठी स्टॉर्म कंट्रोलही हवा. ब्रॉडकास्ट पोर्टच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर गेले की पोर्ट बंद.

याला किरकोळ समजू नये. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या नावाजलेल्या रुग्णालयाचे नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळात कोलमडले. वर्षानुवर्षे एकाला एक जोडत नेलेले स्विच प्रोटोकॉलच्या सात टप्प्यांच्या मर्यादेबाहेर गेले होते. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. ते रुग्णालय माहिती तंत्रज्ञानात मागासलेले होते असे कोणीही म्हणणार नाही.

लूपचा सख्खा भाऊ म्हणजे घरचा वायफाय राउटर. ‘साहेबांच्या केबिनमध्ये रेंज येत नाही’ म्हणून तो आणला जातो आणि भिंतीतून आलेली केबल वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या संगणकांच्या) पोर्टात लावली जाते. तो लगेच सगळ्या मजल्याला १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x असे पत्ते वाटू लागतो. लक्षण ठरलेले असते. काहींचे चालते, काहींचे नाही, आणि संगणक रिस्टार्ट केला की आणखी एकाचे बंद पडते. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केले, म्हणजे पत्ते वाटण्याची परवानगी फक्त ठरलेल्या पोर्टाला दिली, की हा विषय संपतो.

केबलविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. बाजारात ‘कॅट ६’ म्हणून विकली जाणारी बरीच केबल तांब्याची नसते. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी निघते, ती सीसीए. टीआयए आणि आयएसओ या दोन्ही मानकांत तिला जागा नाही. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध सुमारे दीडपट असतो. पूर्वी केबलमधून फक्त डेटा जायचा तेव्हा हे खपून गेले. आता कॅमेरे, फोन, वायफायचे ॲक्सेस पॉइंट सगळे पीओईवर, म्हणजे त्याच तारेतून वीज घेऊन चालतात. १५.४ वॅटपासून सुरू झालेले मानक ३०, ६० करत ९० वॅटपर्यंत पोचले आहे. सीसीएमध्ये वाटेतच व्होल्टेज पडते आणि तारांचा जुडगा तापतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेऱ्याला जास्त वीज लागते, तेव्हाच तो बंद-चालू होऊ लागतो. ‘कॅमेरा फक्त रात्री जातो’ या तक्रारीचे मूळ अनेकदा कॅमेऱ्यात नसून बोळात टाकलेल्या या केबलमध्ये असते.

अंतराचा नियमही सोयीस्कर विसरला जातो. भिंतीतली पक्की केबल ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, एकूण १००. गेटवरचा कॅमेरा १३० मीटरांवर असेल तर तिथे फायबरच न्यावी. पंचिंग करताना (केबल सॉकेटमध्ये ठोकताना) जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. दिसायला छान म्हणून दोन इंच उलगडून सरळ केलेल्या तारा गिगाबिटला चुका देतात. आणि आठ दिवे एकामागोमाग लागणारा दोनशे रुपयांचा टेस्टर म्हणजे चाचणी नव्हे. तार अखंड आहे एवढेच तो सांगतो. प्रत्येक पॉइंटचा सर्टिफिकेशन अहवाल मागावा, त्यात लांबी, क्रॉसटॉक (एका जोडीतून दुसरीत मिसळणारा संकेत), रिटर्न लॉस (मागे परतणारा संकेत) आणि जोड्यांच्या रोधातला फरक येतो. अहवाल टेस्टरच्या मूळ फाइलमध्येच घ्यावेत. पीडीएफ एका पॉइंटची घेऊन दोनशे वेळा नाव बदलता येते.

लाइन चालू, स्विच ठीक, पिंगही जाते, आणि तरीही ‘सर्व्हर डाऊन’, असा एक चकवा असतो. लॉगिन होते, छोटे पान उघडते, पण कागदपत्र जोडून ‘सबमिट’ दाबले की चकरी फिरत राहते. इथे एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, पाहावा. साध्या इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइट्सची जागा असते. व्हीपीएन बोगद्याचे (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीचे) वेष्टण त्यातले काही खाते, समजा १४०० उरतात. मोठे पॅकेट आले की वाटेतला राउटर ‘तुकडे करा’ असा निरोप परत पाठवतो. तो निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या सूचना पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा असतो, आणि कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते. पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. तुकडे न करण्याच्या अटीवर १४७२ बाइट्सचे पिंग करून पाहावे (२८ बाइट्स शीर्षकांचे धरून १५००). ते गेले नाही आणि १३७२ चे गेले, तर निदान झाले. बोगद्यावर एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची कमाल लांबी) १३६० ला बांधायचे आणि आयसीएमपीचा तो एक प्रकार मोकळा करायचा. यासाठी सर्व्हर बदलल्याची उदाहरणे आहेत!

सर्व्हर रूम म्हणून जी खोली मिळते ती बहुधा जुनी फायलींची खोली. यूपीएसला सर्व्हर जोडलेले असतात, एसी मात्र थेट मेन्सवर. वीज गेली की सर्व्हर चालू, थंडावा बंद. रॅकवर ४ किलोवॅट भार असेल तर तेवढीच उष्णता बाहेर पडते. ती काढायला किमान १.१४ टन क्षमता लागते, भिंतीतून येणारी उष्णता वेगळी. म्हणून दीड टनाचे दोन एसी, आलटून पालटून चालणारे आणि जनरेटरवर घेतलेले असावेत. त्यांचे पाणी रॅकच्या डोक्यावरून जाऊ नये. हवा १८ ते २७ अंश पुरेशी असते, १६ अंशांवर खोली गोठवण्यात फक्त वीजबिल वाढते. बॅटऱ्यांना मात्र २५ अंशच मानवतात. सीलबंद लेड ॲसिड बॅटरी कायम ३५ अंशांत ठेवली तर तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय घेतले जातात आणि दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या जातात. हे दृश्य इतके नेहमीचे आहे की निविदेत ‘दोन वेगळ्या यूपीएसवर’ हे शब्द घालावेच लागतील.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई महानगराची वीज गेली, तेव्हा ज्यांनी जनरेटर दर महिन्याला फक्त रिकामा चालवून पाहिला होता त्यांची खरी परीक्षा झाली. चाचणी भारावर आणि किमान अर्धा तास घ्यावी. डिझेल पंप कुठे आहे तेही पाहावे. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधनाचा पंप तळघरात बुडाला. लोकांनी बादल्यांनी डिझेल सतराव्या मजल्यावर चढवले. २६ जुलै पाहिलेल्या शहरात आजही तळघरात पॅनल बसवले जातात.

राहता राहिली मोठ्या डेटा सेंटरची नवी वाट. तिथे आता एआयसाठी एकेका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागू लागले आहेत, जिथे साधा रॅक ५ ते १० किलोवॅटमध्ये भागतो. हवेने एवढी उष्णता निघत नाही, म्हणून द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. नेटवर्कची रचना लीफ-स्पाइनची असते, तिचे गणित चार्ल्स क्लोस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडले होते. प्रत्येक लीफ स्विच प्रत्येक स्पाइनला जोडलेला, त्यामुळे कुठूनही कुठे अंतर सारखेच. हे सगळे उत्तम आहे, पण तीनशे संगणकांच्या कचेरीला ते नको. सल्लागाराच्या अहवालात व्हीलॅनची संख्या वाढवणारे व्हीएक्सलॅनचे फॅब्रिक दिसले तर एकच प्रश्न विचारावा, आपल्याकडे व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळी ठेवलेली नेटवर्के) किती? उत्तर वीसच्या आत असेल, आणि साध्या व्हीलॅनची मर्यादा ४०९४ आहे.

मोठ्यांकडून घ्यायचेच तर त्यांच्या अपघातांतून घ्यावे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जगभर सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत जाळे तुटले आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरनी आपले मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर होती, अभियंत्यांना प्रत्यक्ष इमारतीत जावे लागले आणि आत शिरायलाच वेळ लागला. छोट्या कचेरीत याचा धडा म्हणजे कोअर राउटरच्या कन्सोल पोर्टाला (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या पोर्टाला) जोडलेला एक सिम कार्डाचा मोडेम. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या डेटा सेंटर कंपनीच्या आगीत एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी केंद्रात बॅटऱ्या हलवताना आग लागली, ६०० हून अधिक सरकारी प्रणाली बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट्सचा साठा बाहेर प्रत नसल्याने कायमचा गेला.

काही तारखा कार्यालयांनी आताच लिहून ठेवाव्यात. संकेतस्थळांच्या सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची (संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटवणाऱ्या) कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत आहे. वर्षातून एकदा आठवण झाली की नूतनीकरण करणाऱ्यांचे ‘सर्व्हर डाऊन’ त्या हिशोबाने वाढणार. नूतनीकरण स्वयंचलित असावे, ही अट देखभालीच्या करारात आजच घालता येते. घड्याळाचेही तसेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि लॉग (यंत्रणांच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत. स्विचचे घड्याळ १९९३ किंवा २००० साल दाखवत असेल तर त्या लॉगमधून बिघाड कधी झाला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वर लिहिलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना नवी खरेदी लागत नाही, काम स्वीकारताना एक दिवस घालवावा लागतो. फायबर उपसणे, मुद्दाम लूप करणे, एक यूपीएस बंद करणे, मेन्स पाडून अर्धा तास जनरेटरवर चालवणे, बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत आणणे, या पाच चाचण्या ठेकेदाराच्या हस्ते, सही-शिक्क्यानिशी व्हाव्यात आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतरच निघावा. रॅकच्या दाराला आतून पोर्टांचा तक्ता चिकटवलेला असावा. कोणत्या पोर्टाला कुठली खोली, कोणत्या तारखेला जोडली, एवढेच.

आणि अशा वेळी कचेरीच्या खिडकीवर चिकटवल्या जाणाऱ्या कागदावर ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच लिहू नये. बिघाडाची वेळ, तक्रार कोणाकडे नोंदवली आणि तिचा क्रमांक काय, हे तीन रकाने छापील असावेत. महिनाअखेरीस ते कागद एकत्र ठेवले की देखभालीच्या बिलातून किती कापायचे ते वेगळे शोधावे लागणार नाही.

आपले,
नेटवर्क व केबलिंग क्षेत्रात काम करणारे काही अभियंते, ठाणे